खिंड, सकाळी 9.10

रतनगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरायचं आणि पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड गाठायचा, हा बेत नानांनी आखायला घेतला त्याला आता बरीच वर्षं झाली. बेत अजून आखणं चालू आहे.

पहिलं म्हणजे मुहूर्त. पावसाळा बाद, गवत माजतं, वाट सापडत नाही. ऑक्टोबरात उन्हाचा चटका. मार्चनंतर ओढे आटतात. राहिला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातून दिवाळी वजा, लग्नसराई वजा. पौर्णिमा हवी, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी हवी. एवढं चाळून जो एक दिवस हाती लागतो, त्या दिवशी सोसायटीची सभा निघते आणि नाना सोसायटीचे चिटणीस.

मग वजन. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा नानांनी वहिनींकडून मागून नेला तो परत गेलाच नाही. टूथब्रशची दांडी त्यांनी करवतीने कापली. टॉर्चचा जादा सेल काढला, 23 ग्रॅम वाचले. टी-शर्टची लेबलं उसवली. अभयारण्यात जाळ करायचा नाही, म्हणजे स्टोव्ह नेणं आलंच. त्याची भरपाई म्हणून अर्धा टॉवेल कापला. वहिनी हे सगळं मुकाट्याने बघतात आणि सॅकच्या तळाशी चकल्यांचा दोन किलोचा डबा सारतात. नाना तो काढत नाहीत. म्हणतात, "खाऊ वजनात धरत नाहीत."

खरे नाना बघायचे ते नकाशावर. जेवणाच्या टेबलावर सर्व्हे ऑफ इंडियाचा पन्नास हजारीचा कागद पसरलेला, चार कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, तांब्या आणि पंचांग. जेवणं अर्थातच जमिनीवर. नाना ओला दोरा वाटेच्या प्रत्येक वळणावर बोटाने बसवत नेतात, मग सरळ करून पट्टीवर मोजतात. वीस-वीस मीटरच्या कंटूर रेषा भिंगातून मोजून चढ काढतात. पुढे नाइस्मिथ. या स्कॉटिश गृहस्थाने 1892 साली हिशेब घालून दिला: तीन मैलांना एक तास, वर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. नानांनी त्यात देशी दुरुस्त्या केल्या. ग्रुपमधल्या एका सिगारेटवाल्यापायी वीस मिनिटं, फोटोंची पंधरा, आणि रतनगडाच्या नेढ्यात बसल्यावर कुणी उठतच नाही त्याची तीस. तेव्हा कुठे तक्त्यात उतरतं: 'खिंड, सकाळी 9.10.'

एकदा त्यांनी कुमशेतच्या वाटाड्या मामांना फोन लावला. मी शेजारीच होतो.

"मामा, रतनवाडीहून खिंड किती किलोमीटर?"

"लई नाय. समोरच हाये."

"निघायचं किती वाजता?"

"उजाडलं का."

"वाटेत पाणी?"

"वढ्याला हाये ना."

नानांनी फोन ठेवला, अंतराच्या रकान्यात 'समोरच' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

नानांची थट्टा करणं सोपं आहे, मीही करतो. पण त्यांच्या तक्त्याच्या झेरॉक्स प्रती आज कुठल्या कुठे पोचल्यात. कसाऱ्यानंतर घोटी, घोटीहून शेंडी, शेंडीला जीप भरेपर्यंत काय खायचं, शिड्यांवर सॅक आधी कुणी चढवायची, सगळं त्यात आहे. मेडिकलच्या पिशवीत ओआरएस किती पुड्या, हेसुद्धा. ज्यांनी नानांना पाहिलेलं नाही अशी पोरं तो तक्ता खिशात घालून जातात आणि धडधाकट परत येतात. न गेलेल्या माणसाने गेलेल्यांची इतकी काळजी घेतलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

गेल्या हिवाळ्यात मामांचाच फोन आला. "नाना, तुमचा कागद घेऊन पोरं आली व्हती. चांगली पोरं. तुमी कवा येता?"

नाना खुर्चीत सरसावून बसले. "ते राहू दे, मामा. खिंडीत किती वाजता पोचली?"

"उन्हं डोक्यावर आली व्हती बगा."

नानांनी तक्ता काढला. 9.10 वर काट मारली, 12.00 लिहिलं. पेन थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच पुढे कंसात लिहिलं, 'अंदाजे', आणि सिगारेटवाल्याची वीस मिनिटं चाळीस केली.