समाधी वेगळी, स्मशान वेगळं

हिवाळ्यात शनिवारी पोरांना कुठे न्यायचं, हा प्रश्न ब्रिस्टलमध्ये आमच्यापुरता आर्नोज व्हेलनं सोडवलाय. 45 एकर झाडी, कॉफी-केकची सोय, आणि पोरांनी कितीही बोंबा मारल्या तरी रहिवाशांची तक्रार नाही. दफनभूमी आहे, एवढंच. पुण्याहून आलेल्या आईला मी ‘बाग’ म्हणून सांगितलं होतं.

पहिला क्रूस दिसताच ती थबकली. “ही बाग?”

“अगं, लग्नंसुद्धा लागतात इथे.” त्यानं तर आणखीच बिघडलं.

बाबा मात्र रमले. माकडटोपी मागे सारून, हातमोज्याच्या बोटानं शेवाळ खरवडत ते एकेकाची वयं काढू लागले. “एकाहत्तर. लवकर गेला बिचारा.” स्वतः त्र्याहत्तरचे. मग एक अठ्ठ्याण्णव निघाला, तेव्हा काही न बोलता पुढे सरकले.

पुढे राजा राममोहन रॉय यांची छत्री. 1833 साली ते ब्रिस्टलातच वारले. दहा वर्षांनी त्यांना इथे आणलं आणि द्वारकानाथ टागोरांनी छत्री उभारली. ओल्या, काळपट इंग्रजी थडग्यांत ती दिसली की परगावच्या एसटी स्टँडवर आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं. सतीची चाल बंद व्हावी म्हणून झगडलेला माणूस! आईनं गोठलेल्या गवतावर बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर उभं राहून नमस्कार केला.

“दिल्लीच्या बादशहाचा तनखा वाढवून मागायला आले होते ते विलायतेत,” मी माहिती पुरवली.

बाबा चमकले. त्यांच्या पेन्शनीची फाइल चार वर्षं एका कचेरीत टेबलं बदलतेय. “म्हणजे पेन्शनीच्या कामाला आला, आणि परत गेलाच नाही!” त्यांनी माकडटोपीच काढली. एवढ्या थंडीत ती त्यांनी देवळातही काढली नसती.

घरी आल्यावर आई दारातच आडवी. “आधी आंघोळी. सगळ्यांनी.”

“अगं, आत्ताच नमस्कार केलास ना तिथे?”

“समाधी वेगळी, स्मशान वेगळं.”

पुण्याहून आणलेला प्लास्टिकचा मग तिनं पुढे केला. पोरं आधी, मग मी. तिसऱ्या आंघोळीला गरम पाणी संपलं, चौथे बाबा. आतून एक किंकाळी आली, मग बराच वेळ शांतता. आई दाराशी गेली. “अहो, बरे आहात ना?”

“अगं, नोव्हेंबर संपत आला,” आतून दात वाजत आवाज आला, “माझा हयातीचा दाखला राहिलाच की!”