व्हायब्रेशनवाले काका

"मी देवदेव करत नाही हं, पण एनर्जी मानतो," हे व्हायब्रेशनवाल्या काकांचं पहिलं वाक्य. काका बहुधा वीजमंडळातून निवृत्त झालेले इंजिनिअर असतात, आणि तो योगायोग नव्हे. आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायची तेव्हा हे नाक मुरडायचे. आता बाथरूमच्या कोपऱ्यात खड्याच्या मिठाची वाटी ठेवतात. मीठ तेच, दृष्टीची फक्त 'निगेटिव्ह एनर्जी' झाली. शिक्षणानं काकांना आजीच्या शब्दांची लाज वाटू लागली, तिची भीती मात्र जागच्या जागी राहिली. तिला पदवीधराच्या तोंडी शोभेलसं नाव हवं होतं, ते हातांनी ऊर्जा देणाऱ्या रेकीसारख्या नव्या पंथांनी पुरवलं. चक्रांचंच पाहा. संस्कृत पोथीत होती तोवर काकांनी ढुंकून पाहिलं नाही. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ मध्ये टोपणनावानं त्यांवर इंग्रजी ग्रंथ काढला, १९२७ मध्ये थिऑसफीवाल्या लेडबीटरांनी त्यांची रंगीत चित्रं छापली. अशी परदेश हिंडून चक्रं तक्त्यावर परतली, तेव्हा कुठे ती 'सायंटिफिक' ठरली.

कोणी म्हणेल, ही जुनीच अंधश्रद्धा, यात नवं काय? नवं हे, की आजीनं कधी विज्ञानाचा दाखला मागितला नव्हता. काकांना दाखला हवा, परीक्षा नको. (रेकीची प्रमाणपत्रं फ्रेम करून लावली आहेत, ती वेगळी.) अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेच्या प्रयोगासाठी अशी परीक्षा घेतली होती. तळहातांना दुसऱ्याची ऊर्जा जाणवते म्हणणाऱ्या २१ उपचारकांना तिनं पडद्याआडून हात पुढे करायला लावले आणि माझा हात तुमच्या कोणत्या हाताजवळ आहे, एवढंच विचारलं. २८० पैकी १२३ उत्तरं बरोबर आली; नाणं उडवूनही याहून बरं जमतं. १९९८ मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं. काकांचं उत्तर तयार असतं: "मुलीच्या मनात शंका होती. शंकेनं फ्लो अडतो." ग्राहकाच्या शंकेनं वीज अडते, असं नोकरीत त्यांनी चुकूनही मानलं नसतं.

पण त्यांना शांत वाटतं ना, मग कुणाचं काय बिघडलं? हा आक्षेप खरा वजनदार. दवाखान्यात पाच मिनिटं मिळतात. हीलर तासभर ऐकून घेतो, आणि निवृत्त माणसाचं तासभर ऐकणारं घरात कोण उरलंय? बरं, काका गाफीलही नाहीत. बीपीची गोळी सकाळी आठाच्या ठोक्याला घेतात. फक्त आधी तिला रेकी देतात.