रबर मारला का?

गुडघा दुखतोय हे मी अण्णांना सांगायला नको होतं.

"रबर मारला का?"

ज्यांच्या घरी वीसेक वर्षांपूर्वी कॉम्प्युटर होता त्यांना हा प्रश्न पाठ असेल. मशीन चालू होईना, नुसतंच पीं पीं करायला लागलं, की कुणीतरी जाणता कॅबिनेट उघडायचा, रॅमची पट्टी उपसायचा, तिच्या सोनेरी दातांवर पोराच्या कंपासमधलं खोडरबर घासायचा, फुंकर मारायचा आणि पट्टी परत खटकन बसवायचा. बहुतेक वेळा मशीन चालू व्हायचं. दातांवर मळ धरलेला असतो, तो रबराने निघतो, एवढंच त्यातलं विज्ञान. बाकी माणसं इथे थांबली. अण्णांनी त्याचं तत्त्वज्ञान केलं.

रेशनच्या दुकानात म्हातारीचा अंगठा मशीन घेईना, तर रांगेतून अण्णा: "रबर मारला का?" आमच्या घरचा मिक्सर बंद पडला, तेव्हाही तेच. चुलत्यांच्या जावयाने रुसून दिवाळसणाला यायचं नाकारलं आणि घरात रडारड चालली, तेव्हा अण्णा चहाची बशी खाली ठेवत शांतपणे म्हणाले, "जावयाला एकदा काढून परत बसवा." हे ऐकून चुलती जी आत गेली ती अण्णा जाईपर्यंत बाहेर आली नाही.

अण्णांचं दुकान नेवाशात बाजारपेठेच्या मागच्या बोळात आहे. पाटीवर 'कॉम्प्युटर सेल्स' एवढंच उरलंय, 'सर्व्हिस' पावसाने धुऊन नेलं. ज्या शिंगणापुरातल्या घरांना दारं नाहीत ते शिंगणापूर आमच्याच तालुक्यात, पण अण्णांच्या शटरला तीन कुलपं. आत चोरण्यासारखं काय आहे म्हणाल, तर भंगार. पण हा शब्द तिथे काढायचा नाही. एका पोराने काढला होता, त्याला अण्णांनी माऊस न देता परत पाठवला. तोही गोळीवाला माऊस, म्हणजे गिऱ्हाइकाचं नुकसान काहीच नाही.

इथल्या लाडमोडच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी 1954 ते 1956 असं उत्खनन केलं. वरच्या थरांतून सातवाहनांपर्यंत आणि तिथून खाली ताम्रपाषाण युगापर्यंत ते उतरत गेले. त्यांचा अहवाल नेवाशाचं नाव जगभर घेऊन गेला. अण्णांच्या दुकानाचेही थर आहेत. वर सीडी रायटर. त्याखाली पेंटियम टू, गाण्याच्या कॅसेटसारखे उभे खोचलेले. त्याखाली साउंड ब्लास्टरची लांबलचक कार्डं, आणि तळाला 486, ज्यांच्या कॅबिनेटला टर्बो नावाचं बटण असायचं. या बटणाची गंमत अशी की त्याचा खरा उपयोग मशीन हळू करण्यासाठी. जुने गेम प्रोसेसरच्या वेगावर धावत, नव्या मशीनवर ते इतके सुसाट सुटत की शत्रू दिसायच्या आत आपण मेलेलो असायचो. मग बटण दाबून वेग उतरवायचा. हळू चालवणाऱ्या बटणाला टर्बो म्हणणारा माणूस नक्कीच कुठल्यातरी कचेरीत फायलींवर 'तातडीचे' असा शिक्का मारत असणार.

"त्यांनी फुटकी गाडगी जपली, ते संशोधक," अण्णा म्हणतात. "मी चालू कार्ड जपलं तर येडा."

येडा म्हणणाऱ्यांत मी पहिला. पण हल्ली पुण्याहून पोरं येतात. आयटीतली, पंचविशी-तिशीची. त्यांना त्यांच्या लहानपणीचा, काहींना तर जन्माआधीचा कॉम्प्युटर जुळवायचा असतो. डूम, रोड रॅश, नीड फॉर स्पीड त्यांना 'जसं होतं तसं' खेळायचं असतं, जाडजूड काचेच्या मॉनिटरवर. लॅमिंग्टन रोड आणि तपकीर गल्ली धुंडाळून झाली की कुणीतरी नेवाशाचा पत्ता देतं. ती गाडी घेऊन येतात आणि अण्णा त्यांना बाकावर बसवून स्थळ बघायला आल्यासारखं विचारतात. मदरबोर्ड कोणता? एजीपी स्लॉट आहे का? कपॅसिटर फुगलेत का? आणि उठता उठता, अर्थातच, रबर मारला का?

मार्चमध्ये असाच एक आला. त्याला व्हूडू टू पाहिजे होतं. हे 1998 चं कार्ड, थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीचं. ते फक्त थ्रीडी चित्र काढायचं. साध्या चित्रासाठी दुसरं कार्ड लागायचंच, आणि दोन्ही मागच्या बाजूने एका आखूड वायरीने जोडायची. कंपनी 2000 च्या अखेरीस बुडाली, मालमत्ता एनव्हिडियाने घेतली. अण्णांनी कपाटातून वर्तमानपत्राची घडी काढली, त्यात बनियनचं फडकं, फडक्यात कार्ड. पोराचे डोळे पाणावले. नऊ हजार मोजून तो गेला.

मी कार्ड ओळखलं. कोपऱ्यात माझ्या मेव्हण्याने बॉलपेनने काढलेला बदाम होता. मुंबईहून त्यानेच ते आणलं होतं. 2009 साली मी ते अख्ख्या कॅबिनेटसकट अण्णांना किलोवर दिलं होतं. सगळे मिळून दीडशे रुपये.

"अण्णा, माझं होतं ते."

"होतं."

"नऊ हजार?"

"तुम्ही रबर मारला होता का?"

त्यानंतर दोन महिने मी त्या बोळातून गेलो नाही. खरं सांगायचं तर अजूनही त्या नऊ हजारांवर माझं मन आहे. पण भंगारवाल्यांकडे गेलं असतं तर ते कार्ड हातोड्याखाली गेलं असतं. पेंटियम प्रोसारखा प्रोसेसर दिसला की ते तेजाबात टाकतात, सोन्यासाठी. अण्णांनी तसले चार प्रोसेसर बायकोच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवलेत. काकू म्हणतात, "डब्यात तेवढंच सोनं आहे."

मी परत गेलो ते वडिलांमुळे. 1999 साली वीजबिल चुकीचं आलं म्हणून वडिलांनी अण्णांकडे बसून तक्रारअर्ज टाइप करून घेतला होता. अण्णांचा तेव्हा क्लास होता, अर्जही करून मिळायचे. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली. कपाट आवरताना त्या अर्जाची पोच सापडली, अर्ज नाही. सहज विचारलं.

अण्णा काही न बोलता मागच्या मशीनपाशी गेले. गिऱ्हाइकाला विकायच्या हार्डडिस्कमधले अर्ज, पत्रिका, बायोडेटा ते आधी या मशीनवर उतरवून ठेवतात, हे मला त्या दिवशी कळलं. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी अक्षरं. तो फॉन्ट नसेल तर आजच्या कॉम्प्युटरवर सगळा अर्ज इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथलं वीस-पंचवीस वर्षांचं मराठी वाचता येईल असं एकच मशीन मला माहीत आहे, आणि त्याच्यावर अण्णांचा टॉवेल वाळत असतो.

मशीन पीं पीं करायला लागलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशात हात घातला. पेपर तपासायचं रबर होतंच. झाकण उघडून पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली. मी घासली, फुंकर मारली, खटकन बसवली.

सेल मेलेला असल्याने तारीख 1 जानेवारी 1980 दाखवत होती. मग विंडोज 98 आलं, मग अर्ज. 'महोदय, मी आपला एक प्रामाणिक ग्राहक असून' असं सुरू करून वडिलांनी पुढे चार ओळींत अधिकाऱ्याची अशी काढली होती की मला हसू आवरेना. मग आवरलं.

"पेन ड्राइव्हवर द्या," मी म्हणालो.

"हे मशीन पेन ड्राइव्ह ओळखत नाही." त्यांनी फ्लॉपी काढली, पांढऱ्या चिठ्ठीवर वडिलांचं नाव लिहिलं, कॉपी करून दिली. पैसे घेतले नाहीत. अण्णा एवढे भाबडे होतील असं मला वाटलं नव्हतं. मी फ्लॉपी खिशात ठेवली, चपला घातल्या आणि पायरीवर थांबलो.

"अण्णा, पण ही घरी लावायची कशात?"

"ड्राइव्ह घ्यावा लागेल," अण्णा टॉवेल परत मशीनवर पसरत म्हणाले. "साडेतीनशे. रबर मारलेला आहे."