हळदीचे चार वाटे

– ऐकलं का काकू? कोपऱ्यावरल्या सरांचं पोरगं धंद्याला लागलं.

– धंदा? ते तर विष्णुपुरीला विद्यापीठात एम.कॉम. करायलंय ना?

– ते चालूच आहे की. वर्गातले चौघं मिळून हळद विकायलेत. दोन पोरं, दोन पोरी. एकीच्या बापाचं शेत लोह्यात, लिंबोटी धरणाकडं, हळद तिच्या घरची. माळेगावच्या जत्रंत दुकान मांडलं होतं. तुम्हाला दिसलं नाही?

– मला कुठलं दिसतंय! आमचे मालक घोड्यांच्या बाजारातून हलतील तवा ना.

– बरी खपली म्हणे. पण पुडी हातात घेऊन बायका म्हणायच्या, एवढ्याशा हळदीला एवढे पैसे?

– त्यांना काय माहीत! माझ्या माहेरी हळद होती. खणून काढायची, शिजवायची, दोन आठवडे उन्हात पसरायची, मग ढोलात घालून घासायची. पाच किलो ओल्या हळदीची वाळून कशीबशी एक किलो हाती येती. बोटं महिनाभर पिवळी. वर दळण, पॅकिंग. स्वस्त द्यावी कशी?

– ते सगळं शेतवाल्या पोरीच्याच गळ्यात. दळून आणायची तीच, मशीनवर पुड्यांची तोंडं चिकटवायची तीच. सरांचं पोरगं मोबाईलवर फोटो टाकतंय. अन् नफा चौघांत सारखा!

– सारखा कामून?

– कागद कुठं केलाय? आमचे हे वकिलाकडं कामाला आहेत, ते सांगायले. भागीदारीचा कायदा 1932 चा. आपसात काही ठरलंच नसंल तर नफा सारखा, तोटाही सारखा. जास्त राबलं म्हणून पगार मागायची सोय नाही.

– अगं माय! म्हणजे राबणारी राबली काय अन् फोटोवाला बसला काय, एकच.

– अन् दुकानाचं देणं थकलं तर मागणारा चौघांतल्या कुणाच्याही दारात जाऊन सगळी रक्कम मागू शकतो.

– सरांना ठाऊक आहे का हे?

– सरांचं वेगळंच. नेट-सेट सोडून पुड्या बांधायलास म्हणून पोराशी बोलेनात. त्यानं सांगितलं, थ्री इडियट्स पिक्चरमधलं ते उडणारं यंत्र मुंबईच्या आयआयटीतल्या पोरांच्या कंपनीचं होतं. 2007 ला काढली त्यांनी कंपनी. तर सर म्हणले, त्यांचं यंत्र उडालं, तुझी हळद उडंल!

– सरांच्या जिभेला हाड नाही.

– शेतवाली पोरगी मात्र खमकी हं. एकजण म्हणला, पुडीवर ‘वसमतची हळद’ छापू. 2024 ला वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं ना, भाव चढून येईल म्हणून. हिनं उडवूनच लावलं. ते नाव लावायचं तर आधी नोंदणी लागती. आपला माल लोह्याचा, लोह्याचंच नाव छापा. अन्नाची नोंदणीही तिनंच केली, वर्षाचे 100 रुपये भरून.

– मग कागदही तिनंच करून घ्यावा की बाई.

– तेच चाललंय. परवा चौघं आमच्या ओसरीवर बसले होते, 500 च्या बॉन्डवर लिहून द्या म्हणून. तिनं पहिलंच विचारलं, माझ्या बापाची हळद काय भावानं धरायची? तिघं एकमेकांच्या तोंडाकडं बघायले. मी चहा घेऊन गेले तरी कुणी कप उचलंना.

– अन् ठरलं काय?

– हळद बाजारभावानं विकत घ्यायची. दळण-पॅकिंगची मजुरी आधी काढायची. उरलेल्याचे चार वाटे.

– फोटोवाल्याला मजुरी?

– मागितली होती त्यानं. ही म्हणली, फोटो मी पण काढते, तू पुड्या चिकटवून दाखव.

– शाब्बास! माझी अर्धा किलो सांग तिला. अन् पैसे रोख घे म्हणावं. उधार ठेवली तर वसुलीला चौघं येऊन बसायचे, चौघांचा चहा कोण करणार?