बॉनेटकाका

आमच्या सोसायटीत बॉनेट उघडल्याचा आवाज चौथ्या मजल्यावर ऐकू येत नाही. मी स्वतः बाल्कनीत उभं राहून खात्री केली आहे. तरीही खाली कुणाच्या गाडीचं बॉनेट वर गेलं की दीड मिनिटात चौथ्या मजल्यावरचे काका हजर असतात. पायात स्लीपर, बनियनवर घाईत अडकवलेला, बटणं न लावलेला शर्ट आणि हातात फूटभर लांब स्क्रू ड्रायव्हर. लिफ्टने येतात की पाइपावरून घसरत, हे अजून कुणालाच कळलेलं नाही.

काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. स्वतःची गाडी नाही. एक फियाट होती, ती १९९८ साली विकली. ती नेणाऱ्या माणसाला काका अजून झोपेत "दुसऱ्या गिअरला सांभाळून" असं बजावतात म्हणे. हे काकूंनीच सांगितलं. हल्ली ते पीएमपीचा पास काढून पुणं हिंडतात. पण स्वतःची गाडी नसल्यामुळे पार्किंगमधल्या बेचाळीसच्या बेचाळीस गाड्या त्यांच्याच झाल्या आहेत. कुणाचं इंजिन खोकतं, कुणाचा क्लच म्हातारा झालाय, कुणाच्या सायलेन्सरला भोक पडलंय, सगळं तोंडपाठ. मालकाचं नाव विचारलंत तर मात्र अडखळतील.

त्यांची नाडीपरीक्षा बघण्यासारखी असते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. जमलेली मंडळीही मग श्वास रोखून धरतात. खरं तर ही पद्धत जुन्या फिटर लोकांची, आणि चांगली आहे. आवाज कुठून येतो ते लोखंडातून नेमकं कानात उतरतं. पंचाईत पुढे होते. डोळे उघडून काका जे काही सांगतात त्याचा शेवट हमखास एकाच प्रश्नाने होतो : "अर्थिंग बघितलंस का?" लिफ्ट अडकली, मिक्सर जळला, सुनेचं वायफाय गेलं, तरी हाच प्रश्न. तीस वर्षं टेलिफोनच्या तारांत काढलेला माणूस, करणार काय?

माझी गाडी २००९ सालची. नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं व्हायला अजून दहा वर्षं होती. तेव्हा ते फक्त वरच्या मॉडेलला मिळायचं, आणि सेल्समनच्या गोड बोलण्याला भुलून मी ते घेतलं होतं. गेल्या पावसाळ्यात डॅशबोर्डवर त्या तीन अक्षरांचा पिवळा दिवा लागला आणि जाता जाईना. मी अजून बॉनेट उघडलंही नव्हतं, फक्त त्याच्याकडे बघितलं होतं. काका आले.

"लाल की पिवळा?" पहिलाच प्रश्न. त्यांचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, कारण प्रश्न लाख मोलाचा होता. ब्रेकचा लाल दिवा लागला तर गाडी तिथेच उभी करायची. नुसता पिवळा असेल तर नेहमीचे ब्रेक शाबूत आहेत, फक्त एबीएस झोपलंय. म्हणजे करकचून ब्रेक मारला तर चाकं जाम होणार आणि गाडी घसरणार. एरवी एबीएस काय करतं, तर जाम होणाऱ्या चाकाचा दाब सेकंदाला दहा-पंधरा वेळा सोडतं आणि धरतं, त्यामुळे स्टिअरिंग आपल्या हातात राहतं. "हे मूळचं विमानाचं," काका म्हणाले. "गाड्यांत मागाहून आलं. जर्मनांनी अठ्ठ्याहत्तर साली मर्सिडीजला इलेक्ट्रॉनिक बसवलं. माझ्या फियाटला कशाला लागतंय? माझा पाय होता."

इथपर्यंत सगळं खरं होतं. फियाटसुद्धा.

त्या दिव्याची एक खोड होती. किल्ली फिरवली की तो लागायचा आणि तीन सेकंदांनी शहाण्यासारखा विझायचा. गेटबाहेर पडून काटा वीसच्या आसपास गेला की पुन्हा लागायचा. आजार आपण होऊन नाव सांगत होता. वायर तुटली असती तर दिवा उभ्या गाडीतच राहिला असता. तो चाक फिरायला लागल्यावर तक्रार करत होता. पण त्याचं ऐकायला वेळ कुणाला होता? काकांचं निदान सुरू झालं होतं.

आधी ब्रेक ऑइल. झाकण उघडून काकांनी बोट बुडवलं, वास घेतला आणि "आंबलंय" म्हणाले. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, दोन वर्षांनी बदलावं, हे बरोबर; पण बोटावरचा थेंब मडगार्डवर पडला आणि तिथला रंग फुगला. मग उंदीर. पार्किंगमधल्या उंदरांनी वायरी कुरतडल्या असणार म्हणून बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या टांगल्या. दोन दिवस एसी लावला की गाडीत पानपट्टीत बसल्यासारखं वाटायचं. मग घासून चकचकीत केलेलं अर्थिंग. शेवटी भाच्याने दिलेलं ब्लूटूथचं आगपेटीएवढं यंत्र स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात खुपसून काकांनी मोबाइल बघितला. "एकही दोष नाही. गाडी ठणठणीत."

"मग दिवा?"

"दिवा खोटं बोलतोय."

असली स्वस्त यंत्रं बहुतेक इंजिनापुरतंच वाचतात, ब्रेकच्या कॉम्प्युटरशी त्यांची बोलाचाली नसते, हे मला पुढे कळलं. घसा दुखणाऱ्याच्या गुडघ्याचा एक्स-रे काढावा तसला हा प्रकार.

शेवटी नाक्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. काका पुढच्या सीटवर, हे सांगायला नकोच. चोविशीतला पोरगा, कानात बाळी, हातात खरा स्कॅनर. त्याने मिनिटभरात सांगितलं, "साहेब, उजवं पुढचं चाक. सिग्नल येत नाही." काकांनी लगेच खिशातून स्वतःचा मीटर काढला, सेन्सरच्या दोन पिनांना टोचला, ओहम बघितले आणि मान हलवली. "मेला."

"काका, याला ओहम नाही बघत," पोरगा पुटपुटला. त्याचं बरोबर होतं. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये तारेचं वेटोळं असतं, त्याचे हजार-दीड हजार ओहम मोजता येतात. नव्या सेन्सरच्या पोटात चिप असते, तिला वीज दिल्याशिवाय ती बोलत नाही. नुसता मीटर लावला तर जिवंतसुद्धा मेलेलीच दिसणार. पण पोरगा पुटपुटला होता आणि काका बोलले होते. अडीच हजारांचा नवा सेन्सर बसला. चक्कर मारली. काटा वीसवर, दिवा हजर.

पोरग्याने हात पुसले. "साहेब, या चाकाचं मध्ये काही काम केलं होतं का?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी आभाळाकडे.

जून महिन्यात उजव्या चाकातून घूंऽ असा आवाज यायचा. काकांनी बाजूला बसून, स्क्रू ड्रायव्हरशिवाय, नुसत्या कानाने सांगितलं होतं, "बेअरिंग." आणि खरोखर बेअरिंगच होतं! बदलायला त्यांच्याच ओळखीचा, फियाटच्या काळातला फिटर. अर्ध्या तासात काम, चहाचेसुद्धा पैसे घेतले नाहीत. मात्र त्याच्या चाळीस वर्षांत बेअरिंगला पुढची-मागची बाजू कधी नव्हती. या बेअरिंगला होती. एका बाजूच्या काळपट सीलमध्ये बारीक चुंबकांची कडी असते, उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण अशी ओळीने. सेन्सर तीच मोजतो. आत हवी ती बाजू बाहेर गेली होती. चाक गुळगुळीत फिरत होतं, आवाज गेला होता, आणि सेन्सर भिंतीकडे तोंड करून बसल्यासारखा काहीच न दिसता बसला होता.

प्रेसवर ठोकून काढलेलं बेअरिंग परत वापरत नाहीत, म्हणून नवं आणलं. बसवण्याआधी पोरग्याने काळपट बाजूला स्टेपलरची पिन टेकवली. चिकटली. दुसऱ्या बाजूला टेकवली. पडली. काकांनी ती पिन मागून घेतली, पुन्हा चिकटवली, काढली, पुन्हा चिकटवली. जत्रेत भिंगरी मिळालेल्या पोरासारखं दहा मिनिटं त्यांचं तेच चाललं होतं. "आमच्या वेळी..." एवढं म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. अर्थिंगबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

दिवा गेला. दोन दिवस काकाही दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढत होतो तर काचेवर टकटक. शर्टाची बटणं लावलेली होती.

"दिवा गेला म्हणतोस, पण बल्बच गेला नसेल कशावरून? विकणारे लोक बल्ब काढून टाकतात, माहितेय? किल्ली फिरव."

मी किल्ली फिरवली. काका खिडकीतून आत वाकले. पिवळा दिवा लागला. एक, दोन, तीन. विझला.

"हं," काका म्हणाले, आणि त्या विझलेल्या जागेकडे कितीतरी वेळ बघत उभे राहिले. तेवढ्यात बी विंगकडे कुणीतरी बॉनेट उघडलं. मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं.