पाणी पाळणारा

रत्नागिरीत खाऱ्या पाण्याची टाकी घरात मांडणारा माणूस मासे पाळतो, हा लोकांचा गैरसमज आहे. तो पाणी पाळतो, मासा निमित्ताला. पटत नसेल तर त्याचा पहिला दीड महिना बघा. बैठकीच्या खोलीत दोनशे लिटरची टाकी, तळाला पांढरी वाळू, मधे सच्छिद्र दगडांचा ढीग, वर निळसर दिवा आणि आत मासा एकही नाही. पाहुणा चष्मा पुसून पुन्हा बघतो. ‘अजून पाणी तयार होतंय,’ यजमान सांगतो, भाताला अजून एक शिट्टी हवी अशा सुरात. ह्यात थापेबाजी नाही. माशाच्या विष्ठेतून, उरल्यासुरल्या खाण्यातून अमोनिया सुटतो आणि तो माशालाच मारतो. एका जातीचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते थोडंफार चालतं. ही जीवाणूंची वस्ती दगडावाळूत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मात्र तोवर त्यांना खायला काहीतरी घालावं लागतं, आणि त्याची जुनी रीत म्हणजे स्वच्छ पाण्यात एक कच्ची कोळंबी टाकून ती कुजू देणं. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर घासाघीस करून आणलेली कोळंबी मुलगा काचेच्या पेटीत कुजवतोय, हे पाहून आईचा जीव तुटतो. ‘अरे, आमटीत घातली असतीस तर चार माणसं जेवली असती.’ मुलाचं लक्ष नसतं. तो काचनळीत थेंब मोजतोय. पिवळ्याचं हिरवं झालं की त्याला आनंद होतो, कारण अमोनिया आला. पुन्हा पिवळं झालं की दुप्पट आनंद, कारण अमोनिया गेला. चहात साखर किती पडली ह्याचा पत्ता नसलेला हा गृहस्थ पाण्यातला अमोनिया दशलक्षात किती भाग ते तोंडपाठ सांगतो.

पहिला आक्षेप घ्यायला रत्नागिरीकराला विचारसुद्धा करावा लागत नाही. समुद्र पायाशी आहे, तर सात किलो मीठ विकत आणून नळाच्या पाण्यात कशाला कालवायचं? (लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, म्हणून दोनशे लिटरला सात किलो. शिवाय नळाचं पाणीही तसं चालत नाही. ते आधी आरओतून काढायचं, आणि आरओ एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी फुकट घालवतं. मे महिन्यात विहिरीने तळ दाखवला की ह्या विषयावर घरात जे बोललं जातं ते छापण्याजोगं नसतं.) आक्षेप बिनतोड वाटतो, पण टिकत नाही. भाट्याच्या किनाऱ्याला काजळी नदीचं पाणी येऊन मिळतं. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात आषाढातलं किनाऱ्याचं पाणी कधी गढूळ, कधी निम्मं गोडं असतं. बंदरातल्या पाण्यावर डिझेलचा तवंग असतो. समुद्राला हे सगळं पचतं, दोनशे लिटरना नाही. आणि स्वयंपाकघरातलं मीठ घालून भागत नाही, कारण ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि आणखी बरंच काही असतं. तेव्हा विकतचं मीठ हा त्याचा चोचला नव्हे. चोचला असलाच तर तो पुढे आहे.

पुढे म्हणजे मोजमापात. रोज सकाळी दात घासण्याआधी तो खारटपणा मोजायच्या नळीच्या प्रिझमवर पाण्याचा एक थेंब ठेवतो, वर झाकण टेकवतो आणि खिडकीकडे तोंड करून एक डोळा मिटतो. निळा आणि पांढरा रंग १.०२५ वर भेटले तर दिवस बरा जाणार. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणून घट भरायची ती गोड्या पाण्याने, हे त्याला पहिल्याच महिन्यात कळलेलं असतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो ते ऐकवतो. पाणी २५-२६ अंशांवर राहावं म्हणून वैशाखात टेबलफॅन टाकीकडे वळतो आणि घरचे वर्तमानपत्राने वारा घेतात. लाईट गेली की इन्व्हर्टरवर पहिला हक्क पंपाचा.

दुसरा आक्षेप जरा गंभीर आहे: ह्याला रीफ, म्हणजे प्रवाळाची टाकी, म्हणायचं, तर प्रवाळ कुठे आहे? इथे कायदा आडवा येतो, आणि येतो ते बरंच आहे. २००१ पासून सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे शिकारीच्या गुन्ह्यात ती वाघाच्या पंगतीला. समुद्रघोडेही त्याच वर्षी त्या यादीत आले. विजयदुर्गापासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँकेवर पाण्याखाली आख्खं प्रवाळाचं पठार आहे, पण त्यातला चिमूटभर तुकडाही घरी आणता येणार नाही. मासे तरी समुद्रातून उपसून का आणायचे, हा पोटप्रश्नही रास्त आहे. त्याला उत्तर आहे: क्लाउनफिशची पैदास बंदिस्त टाकीत होते, आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती करून दाखवली आहे. म्हणून आमचा शहाणा नवशिका अखेर पैदाशीची एक क्लाउनफिशची जोडी आणतो आणि मुलं त्यातल्या मोठ्या माशाचं नाव ‘नेमो’ ठेवतात. मोठी असते ती मादी, हे तो मुलांना लगेच सांगतो. हे मासे आधी नरच असतात, त्यांतल्या वरचढाची मादी होते आणि ती मेली तर नवऱ्याचीच मादी होते, हेही सांगतो. बायको हे स्वयंपाकघरातून ऐकते आणि काही बोलत नाही.

आता मासे आले म्हणजे तो मासे बघत बसत असेल, असं कुणी म्हणेल. मुळीच नाही. मासा खडकाआड गेला तरी त्याला चालतं, १.०२५ चं १.०२६ झालेलं चालत नाही. शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. तिथला कुणी विद्यार्थी ओळखीचा निघाला तर हा त्याला माशांविषयी एक प्रश्न विचारत नाही, नायट्रेटविषयी सतरा विचारतो. ‘खायला कसा लागतो हो हा?’ ह्या रत्नागिरीच्या हक्काच्या प्रश्नाला तो चिडत नाही, कारण तो त्याच्या विषयाबाहेरचा आहे. वर्षभरात तो आणखी मोठ्या टाकीची भाषा करू लागतो. मासे वाढलेले नसतात. पण पाणी जितकं जास्त तितकं ते हळू बदलतं, हे शास्त्रही त्याच्या बाजूने आहे. ह्या हिशेबाने सर्वांत स्थिर टाकी मांडवीच्या जेटीपासून सुरू होते, हे त्याच्या गळी उतरवण्यात अर्थ नाही. ती आरओची नाही.