प्लॉटचा लातूर पॅटर्न

सोयाबीनला भाव नाही, तुरीला वेळेवर पाऊस नाही, म्हणून लातूरकरांनी आता नवं पीक काढलंय. त्याला बी लागत नाही, खत लागत नाही, पीकविम्यासाठी रांगेत उभं राहावं लागत नाही. रानात जेसीबी घाला, काळ्या मातीवर मुरूम पसरा, चुना लावलेले दगड रोवा आणि रस्त्यालगत कमान उभी करा. कमानीवर एखाद्या देवाचं नाव, पुढं ‘नगरी’. झालं, प्लॉट उगवले! दगडांच्या मधून मागच्या हंगामातल्या तुरीचे खुंट डोकावतात, पण तिकडं बघायचं नसतं. एजंट बोट दाखवतो तिकडं बघायचं. “साहेब, इथून रिंगरोड जाणार. कॉर्नर घेऊन टाका.”

साहेब घेतात आणि टाकूनच ठेवतात. राहायला कुणाला जायचंय? मुलगी आत्ता चौथीत आहे, तिच्या लग्नाला कामाला येईल! तोवर प्लॉटवर वेडी बाभूळ वाढते. लेआउटमध्ये बागेसाठी राखलेल्या दहा टक्के ‘ओपन स्पेस’वर मात्र ती वाढत नाही, कारण तिथं आधीच पत्र्याचं शेड आणि वर्गणीचं पुस्तक आलेलं असतं.

अशा नगरीत चुकून कुणी घर बांधलंच, तर त्या एका घरासाठी दहा रिकाम्या प्लॉटांसमोरून पाइपलाइन न्यावी लागते. मग गटार, मग दिवा, मग घंटागाडी. एप्रिल 2016मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याला पाइप लांबवायची एवढी हौस! इकडं ट्यूशन एरियात कॉटला कॉट लावून पोरं ‘नीट’ परीक्षेचा अभ्यास करतात. माणसं दाटीत आणि बाभळी ऐसपैस.

नगररचनाकार फय्याजुद्दीन यांनी लातूरची गंजगोलाई आखली, तेव्हा भोवती मोकळं रान काही कमी नव्हतं. तरी त्यांनी बाजार एका गोलात बसवला आणि त्याला सोळा रस्ते जोडले. बिचाऱ्यांना रिअल इस्टेटमधलं काही कळत नसावं. आधी प्लॉट विकायचा आणि रस्ता ‘जाणार’ म्हणून सांगायचं, हे शास्त्र नंतर विकसित झालं.

सरकारही या शास्त्राचं पुरस्कर्तं आहे. बेकायदा तुकडे नियमित करायला 2001मध्ये गुंठेवारी कायदा आला. त्या सालापर्यंतचे गुंठे माफ, पुढं शिस्त. 2021मध्ये ती मुदत 31 डिसेंबर 2020पर्यंत सरकली. मग 2025मध्ये तुकडेबंदीचा कायदाही सैल करायचं ठरलं. त्यामुळं आता गुंठा घेणारा माणूस कायद्याला भीत नाही, पुढच्या मुदतवाढीची वाट बघतो.

उपाय कुणाला माहीत नाही असं नाही. जुन्या लेआउटमधले निम्मे प्लॉट बांधून होईपर्यंत शेजारच्या रानात नव्या लेआउटला मंजुरी देऊ नका. रिकाम्या प्लॉटवरचा कर दरवर्षी वाढवत न्या. रस्ता, नळ, गटार आहे तिथं दोन मजले जास्त चढू द्या. पण हे बोलायचं कुणी? सभागृहात हात वर करणाऱ्यांचेही कॉर्नर असतात.

तेव्हा मतदारांनो, निवडणुकीत उमेदवार दारात आला की रस्ता मागू नका, त्याचे रिकामे प्लॉट किती ते विचारा. मुरमाखाली गेलेली काळी माती परत येत नाही. तिची मुदत कुठल्याच सरकारला वाढवता येत नाही.